५३० घोडे आणि एक प्लग

आमच्या सेलरमध्ये ५३० घोडे बांधलेले आहेत.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: हैदराबादेत इमारतीखालच्या पार्किंगला सेलर म्हणतात. सेलरमध्ये वॉचमनची खोली असते, विजेच्या मीटरांचा बोर्ड असतो, बोअरची मोटर असते आणि घर सोडून गेलेल्या कुण्या भाडेकरूची टायर बसलेली स्कूटर असते. इमारत दिलसुखनगरात असेल, तर गुरुवारी साईबाबांच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या अनोळखी भक्ताची मोटारसायकलही असते. या सगळ्या गोतावळ्यात, बोअरच्या मोटरीला खेटून, आमच्या चिरंजिवांची इलेक्ट्रिक कार उभी आहे. हिरवी नंबरप्लेट, तिच्यावर पांढरी अक्षरं. ताकद ५३० हॉर्सपॉवर. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ३.८ सेकंदांत गाठते.

मी जुना बँकवाला. आकडा दिसला की हात कॅल्क्युलेटरकडे जातो. एवढ्या वेळात एवढा वेग गाठायचा, तर साधारण ५३ मीटर मोकळा रस्ता लागतो. दिलसुखनगरात सलग ५३ मीटर मोकळा रस्ता मी शेवटचा पाहिला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती आणि बाहेर पडायची परवानगीही नव्हती.

"मग घेतलीस कशाला?" असं मी चिरंजिवांना विचारलं. त्याने दोन कारणं सांगितली. पहिलं कारण, तेलंगणा सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत इलेक्ट्रिक गाड्यांचा रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केलंय. माफीचं नाव काढलं की माझ्यासारख्याचा विरोध निम्मा होतो, हे त्याला ठाऊक आहे. दुसरं कारण, "बाबा, इन्स्टंट टॉर्क." हे मला कळलं नाही, त्यामुळे त्यावर वाद घालता आला नाही. आईने, म्हणजे त्याच्या आज्जीने, फक्त किंमत विचारली. ऐकून म्हणाली, "बरं. आणि तीत स्वैपाकघर कुठंय?"

करमनघाटच्या हनुमानापुढे गाडीची पूजा केली. पुजाऱ्यांनी इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिन नव्हतं. एक लहानशी, स्वच्छ, रिकामी डिकी होती. पुजाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात 'फसवलं हो तुम्हाला' एवढी सगळी करुणा होती. शेवटी त्यांनी स्वस्तिक डिकीच्या तळाला काढलं आणि नारळ तिथेच ठेवला. गाडी निघाली तेव्हा चाकांखालची चार लिंबं फुटली, तेवढाच काय तो आवाज.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ५३० घोड्यांचा हा धनी खांद्याला बॅग अडकवून दिलसुखनगर मेट्रो स्टेशनाचा जिना चढला. त्याचं ऑफिस रायदुर्गच्या बाजूला. अमीरपेटला गाडी बदलली की मेट्रोने तासाभरात पोचतो. स्वतःच्या गाडीने निघाला तर कधी पोचेल ते मलकपेटचा पूल आणि देव ठरवणार. ज्याला परवडते त्याला वापरता येत नाही आणि ज्याला वेळ आहे त्याला, म्हणजे मला, चालवायची भीती वाटते. तेव्हा घोड्यांच्या दाणापाण्याचं खातं माझ्याकडे आलं.

दाण्यापाण्याचा हिशोब असा. बॅटरी ८२ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ८२ युनिटांची. आमच्या घरात एक एसी, एक गिझर, एक फ्रीज आणि रोजच्या तीन मालिका मिळून महिन्याला अडीचशे युनिटं जळतात. म्हणजे गाडीचं पोट एकदा भरायचं, तर आमच्या घराची दहा दिवसांची वीज. ती कुठून द्यायची? गाडीबरोबर एक केबल आली होती, ती साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटात बसते. या सॉकेटातून तासाला सव्वातीन युनिटं येतात. भागाकार करा: २५ तास. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत उडते, ती धरली तर २७-२८. सोमवारी सकाळी आठला प्लग लावला, तर मंगळवारी दुपारच्या वरणभाताला बॅटरी भरणार.

आता सव्वातीन किलोवॉट म्हणजे हॉर्सपॉवर किती? साडेचारसुद्धा नाही. शेजारची बोअरची मोटर पाच हॉर्सपॉवरची आहे. ५३० घोडे, आणि त्यांना पाणी पाजायला नळी अशी की धड पाच घोड्यांचीही तहान भागू नये! मलकपेटच्या रेसकोर्सवर कुणी असा तबेला चालवला असता, तर घोड्यांनी त्याला लाथा घातल्या असत्या. आमचे घोडे गरीब. एक निळा दिवा मिचकावत रात्रभर उभे राहतात.

पण तो निळा दिवा लागण्यापूर्वी आठवडाभर तांबडा दिवा लागत होता. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाला, "साब, करेंट तो बराबर आ रा."

"अर्थिंग?"

"अर्थिंग कायकू साब? बीस साल से बिल्डिंग चल रई ना?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आमचा फ्रीज, वॉशिंग मशीन आणि गिझर वीस वर्षं निव्वळ श्रद्धेवर चालले होते. पुरावा मागणारी ही पहिलीच. गाडीचा चार्जर आधी जमिनीशी जोडणी आहे का हे तपासतो आणि नसेल तर एक युनिटही घेत नाही. मग अंगणात खड्डा खणला, पाइप पुरला, मिठाचे आणि कोळशाचे थर दिले. इलेक्ट्रिशियनने जाताना बजावलं की खड्डा ओला राहिला पाहिजे, उन्हाळ्यात रोज पाणी घालायचं. हे काम आईने आपणहून घेतलं. तुळशीला एक तांब्या घातला की ती खड्ड्याला दोन तांबे घालते. संक्रांतीपासून तिथे हळदकुंकूही दिसू लागलंय. विजेचा एवढा मान अख्ख्या दिलसुखनगरात कुठे होत नसेल.

त्यानंतर भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर आला. तो बसवला की तासाला सात युनिटांवर मिळतात आणि काम रात्रभरात, अकरा-बारा तासांत उरकतं. मात्र त्यासाठी घराचा मंजूर लोड वाढवावा लागतो, आणि त्याहून अवघड म्हणजे असोसिएशनची मीटिंग घ्यावी लागते. सेक्रेटरीगारूंनी विषय वाचला: 'कारु चार्जिंग गुरिंची', म्हणजे गाडीच्या चार्जिंगविषयी. प्रश्नांना तोटा नव्हता. गाडी चार्ज होताना लिफ्ट हळू चालेल का? बोअरची मोटर आणि गाडी एकदम लावली तर टाकी आधी भरेल की बॅटरी? चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मुद्द्याचं विचारलं: "ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सरूरनगरचं तळं भरून वाहिलं, सेलरमध्ये छातीएवढं पाणी होतं. तेव्हा हिचं काय?"

चिरंजिवांनी आत्मविश्वासाने सांगितलं की बॅटरी आयपी-६७ दर्जाची आहे. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत थेंब जात नाही. हेडमास्तर म्हणाले, "आपल्याकडे सव्वा मीटर होतं आणि दोन दिवस होतं." ठराव झाला तो असा: चार्जर स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवर लावायचा, एमसीबी स्वतःच्या खर्चाने बसवायचा आणि हवामान खात्याने इशारा दिला की गाडी मेन रोडवर नेऊन उभी करायची. मेन रोडवर गाडी उभी करायला जागा कुठे, हा प्रश्न त्या बैठकीच्या कक्षेत येत नव्हता.

विरोध मावळला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींमुळे. त्यांनी विचारलं, "करेंटु पोते, म्हणजे वीज गेली तर, या गाडीतून उलटं करेंट घेता येतं का?" येतं. गाडीला तशी सोय आहे. केबल लावली की मिक्सर, पंखा, फ्रीज काहीही चालतं. त्या दिवसापासून वीज गेली की सेलरमध्ये एक्स्टेंशन बोर्ड घेऊन रांग लागते. परवा आंटींनी तासभर ग्राइंडर लावून इडलीचं पीठ वाटून घेतलं. एवढ्याने बॅटरीचा अर्धा टक्काही जात नाही, पण गाडीची रेंज खाणाऱ्या गोष्टींच्या यादीत इडलीचं पीठ माहितीपुस्तिकेत नाही, एवढंच मला नोंदवायचंय.

रेंज! हा शब्द आला, आता सावरून बसा. गाडी आल्यापासून वॉचमन, भाजीवाला, इस्त्रीवाला आणि समोरच्या कोचिंग क्लासची पोरं, सगळे एकच विचारतात: "मायलेज एंत इस्तदि, सार?" किती देते? घरात नवी सून आली तेव्हाही इतक्या लोकांनी एवढ्या उत्सुकतेने इतकं आर्थिक काही विचारलं नव्हतं. मी सांगतो, "कंपनी म्हणते, एका चार्जला ५८०." ऐकणारा मान हलवतो. कारण तो हैदराबादी असतो आणि आकड्यांच्या ताणण्या-आटण्याची त्याला सवय असते. आमच्याकडे 'बस, पाच मिनट' म्हणजे माणूस अजून आंघोळीला गेलेला नाही. आणि 'परसों' म्हणजे परवाच असं नव्हे. गेल्या गुरुवारपासून थेट कुली कुतुबशहापर्यंत कुठलाही भूतकाळ 'परसों'त मावतो. ५८० किलोमीटर हे त्याच जातीचं माप आहे.

कंपनी खोटं बोलते असं नाही. आपल्याकडच्या प्रमाणित चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर पळते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. डिकीत बॅगा नाहीत, टपावर वारा नाही आणि मागच्या सीटवर 'जरा हळू रे' म्हणणारी आज्जी नाही. एवढं सुख मिळालं तर मीही ५८० किलोमीटर चालेन. आमच्या अनुभवाने म्हणाल तर शहरात साडेचारशे, हायवेवर साडेतीनशे.

थांबा, उलटं वाचलं नाहीत, शहरातच जास्त. पेट्रोलची गाडी ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पिते, हिचं तसं नाही. उभी असली की एसीपुरतीच वीज खाते. आणि ब्रेक लावला, की जी ताकद इतर गाड्यांत ब्रेक तापवण्यात वाया जाते, तिच्यातली बरीचशी मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत परत टाकते. मुसारामबाग ते चैतन्यपुरी या रस्त्यावर ब्रेक किती वेळा लावावा लागतो ते इथे येऊन बघा. म्हणजे गाडी एवढी वेगवान, आणि तिला सगळ्यात जास्त मानवतो तो दिलसुखनगरचा ट्रॅफिक जाम. शर्यतीचा घोडा घ्यावा आणि तो लग्नाच्या वरातीत सगळ्यात खूश असावा, त्यातला प्रकार.

शर्यतीवरून आठवलं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी भारतातली पहिली फॉर्म्युला-ई शर्यत झाली. विजेवर ताशी तीनशेच्या वर जाऊ शकणाऱ्या गाड्या, २.८ किलोमीटरचा रस्ता, फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न जिंकला. चिरंजीव मला घेऊन बसला होता. मला वाटलं, आता धाड धाड पळतील. पण त्याने समजावलं की प्रत्येकाला वीज मोजून दिलेली असते, तेव्हा मध्ये भरता येत नव्हती; म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा, गाडी नुसती घरंगळू द्यायची, वीज वाचवायची, आणि तरी पुढे राहायचं. मी म्हटलं, "अरे, हे तर महिनाअखेर झालं!" पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली. पण तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे: या खेळात घोडे कितीही असोत, जिंकतो तो काटकसर करणारा. आणि त्या बाबतीत मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

आता आमची खरी गरज सांगतो. आठवड्याला भाजी, काचीगुड्याचे डॉक्टर, इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एखादं लग्न. सगळं मिळून ५० किलोमीटर, म्हणजे नऊ युनिटं. साध्या प्लगवर तीन तास. आठवड्यातून एकदा, मालिका लागायच्या आधी लावून मालिका संपल्या की काढावा, एवढंच चार्जिंग आम्हाला लागतं. मग ५८० ची बॅटरी कशासाठी?

गाद्यांसाठी.

हैदराबादेतल्या कुठल्याही मराठी घराच्या माळ्यावर पाहा. चार जादा गाद्या, आठ उशा आणि पन्नास माणसांचा भात शिजेल एवढं पातेलं. नांदेडहून, उदगीरहून कुणी वर्षातून एकदा येतं, तेव्हा गाद्या उतरतात. उरलेले ३६० दिवस त्या माळा अडवतात. पण गाद्या काढून टाका म्हटलं, तर घरात भांडण होईल. माणूस गादी घेतो ती झोपण्यासाठी नव्हे, 'कुणी आलं तर?' या प्रश्नासाठी. गाडीची रेंजही तशीच. आठवड्याच्या ५० किलोमीटरसाठी कुणी तिच्याकडे बघत नाही. 'कधी जावं लागलं तर?' या एका वाक्यासाठी आपण ८२ युनिटांच्या गाद्या उरावर घेऊन फिरतो. त्या पोटाखाली लावलेल्या असतात म्हणून माळा लागत नाही, एवढाच फरक.

आणि एकदा जावं लागलंच. आई म्हणाली, "नवी गाडी देवीला दाखवली नाही." देवी म्हणजे तुळजापूर. दिलसुखनगर हैदराबादच्या पूर्वेला, देवी पश्चिमेला. एका बाजूचं अंतर तीनशेच्या थोडं वर. जाऊन-येऊन सहाशे, गाडी कागदावर ५८०. देवीने अगदी मोजून परीक्षा काढली होती.

चिरंजिवांनी लॅपटॉपवर तक्ता केला. कुठे थांबायचं, किती टक्के भरायचे, तो चार्जर बंद असला तर दुसरा कुठे, दुसराही बंद असला तर देवाचं नाव. आज्जी तक्ता बघून म्हणाली, "हे नवीन काय केलंस? आम्ही उदगीरहून दमणीतून तुळजापूरला जायचो, तेव्हा दादा हेच ठरवायचे. बैलांना पाणी कुठं, वैरण कुठं, झाड कुठं. तिथं मुक्काम." चिरंजीव क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आज्जी, ॲपसुद्धा एवढंच करतं. फक्त झाड दाखवत नाही."

पहाटे पाचला निघालो. आउटर रिंग रोड लागला. १५८ किलोमीटरचं आठपदरी कडं, २०२३ पासून १२० ची वेगमर्यादा. पहाटेचा रिकामा रस्ता पाहून चिरंजिवांना राहवलं नाही. "बाबा, एकदाच," म्हणून त्याने पाय दाबला. तो ३.८ सेकंदांचा अनुभव मी शब्दांत सांगू शकणार नाही, कारण त्यातले पहिले दोन सेकंद माझा श्वास दिलसुखनगरलाच राहिला होता. आवाज काहीच नाही. आज्जीच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पोटाशी येऊन चिकटला. गाडी शंभरावर स्थिर झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "कोण ढकललं रे मागून?"

त्या एका झटक्याने फार वीज गेली नाही. खरी वीज गेली ती नंतर, १२० च्या वेगाने निवांत गप्पा मारत जाताना. हवा हा फुकटचा शत्रू आहे. वेग ८० वरून १२० केला, म्हणजे दीडपट. पण हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. स्क्रीनवरची रेंज रस्त्यावरच्या किलोमीटरांपेक्षा भराभर उतरायला लागली. झहीराबाद यायच्या आत गाडीत टक्क्यांची चर्चा सुरू झाली. टक्क्यांची एवढी चर्चा आमच्याकडे चिरंजिवांच्या दहावीनंतर पहिल्यांदाच होत होती.

"अहो, ६८ झाले," ही, म्हणजे माझी बायको.

"मघाशी ७१ होते."

"एसी बंद करू का?" चिरंजीव. एप्रिल महिना होता. त्याने बंद केला. दहा मिनिटांनी आज्जी म्हणाली, "बॅटरी गार राहावी म्हणून आत पाणी खेळवतात म्हणालास ना? मग आम्हालाही बॅटरीतच बसव." एसी सुरू झाला. वेग ९० वर आणला आणि काय आश्चर्य, रेंजची गळती थांबली. एसीने वाचतं ते चिल्लर. वेगाने वाचतात त्या नोटा. हा धडा पाच घोड्यांच्या किमतीत मिळाला असता तर बरं झालं असतं, ५३० ची गरज नव्हती.

झहीराबाद सुटलं की कर्नाटक. हुमनाबाद ओलांडलं की थोड्या वेळाने महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हैदराबादपासून तुळजापूरपर्यंतचा सगळा रस्ता एकाच राज्यात होता. आमचं उदगीर बिदर जिल्ह्यात आणि तुळजापूर उस्मानाबादेत, कारभार सगळा हैदराबादचा. आमच्या आजोबांना वाटेत एकदाही सीमा ओलांडावी लागली नाही. आम्हाला दोन ओलांडाव्या लागल्या आणि तीन ॲपं उतरवावी लागली. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, प्रत्येकात आधी पैसे भरायचे आणि ओटीपी नेमका नेटवर्क नसताना येणार. भाषावार प्रांतरचनेचा असा परिणाम होईल असं फाजल अली आयोगालाही वाटलं नसेल.

उमरग्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जर सापडला. दोन बंदुका. (पंपाला जी नळी, तिला इथे गन म्हणतात.) एकीवर पिशवी बांधलेली, म्हणजे ती आजारी. दुसरीवर आमच्या आधी आलेली गाडी, ८३ टक्क्यांवर. मी हिशोब केला, १७ टक्के राहिले, दहा मिनिटांत निघेल. चिरंजीव हसला.

इथे एक शास्त्र आहे, ते एसटीच्या प्रवाशाला चटकन कळेल. रिकामी एसटी स्टँडवर लागते, तेव्हा पहिली वीस माणसं पटापट चढतात, हवी ती जागा धरतात. पुढची दहा जरा शोधाशोध करतात. आणि शेवटची दहा? कंडक्टर ओरडतो, 'सरका पुढे', कुणी मांडीवर पोर घेतं, कुणी दांड्याला लोंबकळतं, आणि सगळा वेळ तिथेच जातो. बॅटरीत लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये अशाच जागा शोधत असतात. २० ते ८० टक्के अर्ध्या-पाऊण तासात भरतात. शेवटच्या २० ला जवळजवळ तेवढाच वेळ. घाई केली तर बॅटरी खराब होते, म्हणून गाडी स्वतःच कंडक्टर होऊन गर्दी हळूहळू आत सोडते. शहाण्याने हायवेवर ८० ला बंदूक काढावी आणि पुढच्याला जागा द्यावी. त्या गाडीचे मालक थालीपीठ खात होते. म्हणाले, "शंभर करूनच निघू. मधे अडकायला नको." मी काही बोललो नाही. आमच्या माळ्यावरच्या गाद्या मला आठवल्या.

थांबायचंच होतं, तेव्हा मी सगळ्यांना बेर्टा बेंझ बाईंची गोष्ट सांगितली. १८८८ चा ऑगस्ट. नवऱ्याने मोटारगाडी तयार केली, पण ती लोकांपुढे न्यायचा धीर त्याला होत नव्हता. बाई त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत इंधन संपलं. जगात तेव्हा पेट्रोल पंप एकही नव्हता. तिने वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रॉइन नावाचं द्रव घेतलं आणि गाडीत ओतलं. ते दुकान आज जगातला पहिला पंप म्हणून मिरवतं. गोष्ट ऐकून हिने आपल्या कामाचं तेवढं उचललं: "माहेरी जायचं म्हटलं की बाईला रस्ता सापडतो. गाडी कसलीही असो."

तुळजापूरला दर्शन छान झालं. रात्री लॉजवर मुक्काम. मॅनेजरला प्लग मागितला. त्याने गाडीकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं, आणि मराठवाड्याच्या शुद्ध व्यवहारज्ञानाने विचारलं, "हे गिझर धरू का फॅन?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "गिझर. पण रात्रभर चालणारा." त्याच्याकडे गरम पाण्याच्या बादलीचा दर ठरलेला होता. रात्रभरात किती बादल्या होतील याचा त्याने मनात गुणाकार केला आणि आकडा सांगितला. मी विजेच्या युनिटांत भागाकार केला. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. सकाळी ४० टक्के वाढले होते. सगळ्या प्रवासातलं सर्वात बिनत्रासाचं चार्जिंग तेच: ॲप नाही, ओटीपी नाही, रांग नाही, गाडी झोपली, आम्हीही झोपलो.

परत आल्यावर पुण्याचे पाहुणे आले. गाद्या उतरल्या. त्यांना चौमहल्ला राजवाडा दाखवायला नेलं, आमच्याच गाडीने. तिथे एक पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. सहाव्या निजामासाठी मागवलेली, मागच्या बाजूला सिंहासनासारखी बैठक असलेली. मीर महबूब अली खान १९११ मध्ये वारले. गाडी त्यांच्या कामी आली नाही. पुढच्या निजामाच्या राज्यातही ती फारशी बाहेर पडलीच नाही. सगळ्या आयुष्यात तिचं धावणं साडेतीनशे मैलांच्या थोडं वर. मी सवयीने किलोमीटर केले: ५७० च्या घरात. जवळजवळ आमच्या गाडीची कागदावरची एका चार्जची रेंज.

चिरंजिवांना दाखवलं. तो थोडा वेळ त्या पिवळ्या गाडीकडे बघत राहिला. त्या आठवड्यात दोन दिवस तो मेट्रो सोडून गाडीने ऑफिसला गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेट्रोने. मलकपेटच्या पुलाखाली पाणी साचलं होतं.

अशी गाडी घ्यायचा विचार असेल, तर माझं एक ऐका. शोरूममध्ये किती सेकंदांत शंभर, हे विचारू नका. ते खरंच असतं आणि उपयोगाचं नसतं. आधी घरी या, सेलरमध्ये उतरा, गाडी उभी राहील त्या जागेपासून मीटरपर्यंत किती मीटर वायर लागेल ते मोजा, मंजूर लोड किती आहे ते बिलावर पाहा, आणि सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनच्या शब्दावर न जाता मोजून घ्या. गाडीला घोडे किती हे शेवटी विचारा. आणि एवढं करून घेतलीच, तर माळ्यावरच्या गाद्यांसारखी तिलाही अधूनमधून ऊन दाखवत जा.